माइकच्या आधी भिंत

घरात स्टुडिओ करायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: सॉफ्टवेअर कोणतं घेऊ? त्याच्या मागोमाग दुसरा: माइक कोणता? पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारे, पॉडकास्टवाले, भावगीतं गाऊन यूट्यूबवर टाकणारे, जाहिरातींना आवाज देणारे, तासिका रेकॉर्ड करणारे शिक्षक, सगळेच या दोन प्रश्नांभोवती महिनोन्‌महिने फिरतात. दुकानदाराकडे उत्तरं तयार असतात, यूट्यूबवरच्या परीक्षकांकडे त्याहून तयार, कारण दोघांचीही रोजीरोटी वस्तू विकली जाण्यावर आहे. ज्या खोलीत हा संसार मांडायचा तिच्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. माझं म्हणणं असं की खर्चाचा हा क्रम मुळापासून उलटा आहे. पैसा आणि डोकं आधी खोलीवर खर्च व्हावं, मग माइक आणि तोंड यांच्यातल्या अंतरावर, मग ऐकण्याच्या साधनावर. माइकचा ब्रँड त्यानंतर, आणि सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी.

याला आधार साध्या आकड्यांचा आहे. प्रत्येक कंडेन्सर माइक स्वतःची थोडी खरखर निर्माण करतो आणि कंपन्या ती डेसिबलमध्ये जाहीर करतात. घरगुती स्टुडिओत सर्रास दिसणाऱ्या ऑडिओ-टेक्निका एटी२०२० चा हा आकडा २० आहे. रोडच्या एनटी१ चा ४.५, म्हणजे बाजारातल्या सर्वांत शांत माइकांपैकी तो एक. कागदावर फरक प्रचंड दिसतो. पण पुण्या-मुंबईतल्या रस्त्यालगतच्या फ्लॅटमध्ये खिडक्या लावून, पंखा बंद करून, रात्री उशिरा बसलं तरी खोलीतला आवाज ३०-३५ डेसिबलच्या खाली सहसा जात नाही. दिवसा पंखा चालू असला की चाळिशी सहज ओलांडली जाते. खोलीच ३५ डेसिबलने बोलत असेल तर तिच्यात २० चा माइक ठेवला काय आणि ४.५ चा ठेवला काय, मागे ऐकू येणार ती खोलीच. बिटांचंही तेच. सीडीच्या १६ बिट ध्वनीचा सैद्धांतिक आवाका सुमारे ९६ डेसिबलचा. आज माइक संगणकाला जोडणारा अगदी प्राथमिक इंटरफेससुद्धा २४ बिटांत रेकॉर्ड करतो आणि त्याहून बराच जास्त आवाका देतो. घरातल्या कुठल्याही खोलीला तेवढ्या आवाक्याची गरज पडत नाही. ऑडिबलसाठी बोलती पुस्तकं स्वीकारणारी एसीएक्स ही यंत्रणा पार्श्वभूमीचा आवाज उणे ६० डेसिबलच्या खाली असावा अशी अट घालते. ही अट महागडा माइक आणून क्वचितच पाळता येते. फ्रीजपासून लांब जाऊन, पंखा बंद करून आणि तोंड माइकजवळ आणून ती पाळता येते, आणि त्याला रुपयाही लागत नाही.

गोंगाटापेक्षा घातक असतो घुमारा. गोंगाट निदान वेगळा ओळखू येतो. घुमारा थेट शब्दांत मिसळतो आणि मग निघत नाही. या विषयाचं शास्त्र जिथे सुरू झालं ती गोष्ट घरगुती स्टुडिओवाल्यांनी मुद्दाम माहीत करून घ्यावी अशी आहे. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातल्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचं बोलणं कोणालाच नीट कळेना. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकावर दुरुस्तीचं काम आलं. त्याने ऑर्गनची नळी वाजवून आवाज विरायला लागणारा वेळ मोजला, मग शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून, थोड्या थोड्या वाढवत, दर वेळी पुन्हा मोजमाप केलं. रिकाम्या सभागृहात साडेपाच सेकंदांच्या आसपास रेंगाळणारा आवाज गाद्यांगणिक आखडत गेला. यातून त्याने जे सूत्र काढलं ते आजही वापरात आहे: खोलीचं घनफळ जितकं जास्त तितका घुमारा जास्त, आणि आवाज शोषणारा पृष्ठभाग जितका जास्त तितका कमी.

हेच सूत्र आपल्याकडच्या दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीला लावून पाहा. घनफळ सुमारे ३४ घनमीटर. भिंती, छत, जमीन मिळून पृष्ठभाग ६३ चौरस मीटर. गिलावा आणि व्हिट्रिफाइड फरशी आपल्यावर पडलेल्या आवाजाचा विसावा हिस्साही धड शोषत नाहीत. विसावा धरला तरी त्या रिकाम्या खोलीत आवाज विरायला जवळजवळ १.७ सेकंद लागतात. आपण सेकंदाला चार-पाच अक्षरं बोलतो. म्हणजे सातवं अक्षर उच्चारताना पहिल्याची शेपटी अजून हवेत असते. आता त्याच खोलीत गादी, जाड पडदे, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, भिंतीलगत टांगलेल्या गोधड्या असं मिळून दहा चौरस मीटर पूर्ण शोषणाइतकं सामान आणलं, तर हाच आकडा ०.४ सेकंदांवर येतो. बोलण्याच्या रेकॉर्डिंगला तेवढं पुरतं. लहान खोलीत हे सूत्र तंतोतंत लागू पडत नाही, खालच्या स्वरांत तर ते बरंच चुकतं, पण दिशा आणि प्रमाण कळायला ते पुरेसं आहे. एवढा फरक पाडणारा माइक आजवर कोणी बनवलेला नाही.

इथे दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. बाहेरचा आवाज आत येऊ न देणं वेगळं आणि आतला आवाज घुमू न देणं वेगळं. पहिल्यासाठी वजन लागतं: जाड भिंत, फटी नसलेलं दार, दुहेरी काच. भाड्याच्या घरात ते जवळपास अशक्य, स्वतःच्या घरात खर्चिक. दुसऱ्यासाठी मऊ, जाड, सच्छिद्र वस्तू लागतात आणि त्या प्रत्येक मराठी घरात माळ्यावर पडून आहेत. भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवण्याची जी टूम अजून मरत नाही, तिने यातलं एकही काम होत नाही. इंचभर जाडीचा टोकदार फोम थोडा उपयोगी पडतो, पण फक्त वरच्या फ्रिक्वेन्सींना. शंभर हर्ट्झच्या आवाजाची लांबी हवेत ३.४ मीटर असते. इंचभर स्पंज तिला काय अडवणार? नुसत्या फोमने मढवलेल्या खोल्या म्हणून तर चमत्कारिक वाटतात: ‘स’ आणि ‘श’ची धार गेलेली आणि खाली खर्ज मात्र गदगदत राहिलेला. दोन-तीन इंच जाडीचे रॉकवूलचे पॅनल कापडात गुंडाळून भिंतीपासून थोडे पुढे उभे केले तर बरीच खालपर्यंत मजल जाते. त्याहूनही खाली प्रश्न खोलीच्या मापाचा येतो. बारा फुटी लांबी ४७ हर्ट्झच्या आसपास गुंजते, दहा फूट रुंदी आणि दहा फूट उंची दोन्ही ५६ च्या आसपास, आणि दोन मापं सारखी असली की त्यांचं गुंजन एकमेकांवर चढतं. अशा खोलीत डग्ग्याचे काही ठोके फुगून येतात, काही गडप होतात, आणि वादक बिचारा आपल्या हाताला दोष देतो. चौकोनी, मोकळ्या, फरशीच्या हॉलपेक्षा पलंग-कपाटांनी गच्च भरलेली झोपायची खोली रेकॉर्डिंगला बरी, हे त्यामुळेच.

खोलीनंतर अंतर. उगमापासूनचं अंतर दुप्पट झालं की थेट आवाज सहा डेसिबलनी घटतो; घुमारा मात्र खोलीभर साधारण सारखाच पसरलेला असतो. तोंड माइकपासून चार फुटांवरून एक फुटावर आणलं तर थेट आवाज बारा डेसिबलनी वाढतो आणि तेवढ्याच प्रमाणात खोली मागे हटते. एक वीत अंतर ठेवून, माइक तोंडासमोर न धरता किंचित बाजूला वळवून, मध्ये जाळी लावून ‘प’, ‘फ’, ‘भ’चे झोत चुकवले, तर साध्या माइकवरही आवाज नेटका येतो. फार जवळ गेलं की खर्ज फुगतो, तेवढं सांभाळावं लागतं. ही गोष्ट भारतातल्या व्यावसायिक ध्वनिमुद्रणाइतकीच जुनी आहे. १९०२ मध्ये फ्रेड गेसबर्गने कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं ते एका हॉटेलच्या खोल्यांत थाटलेल्या तात्पुरत्या स्टुडिओत. तेव्हा विजेचा माइक नव्हता, आवाज कमीजास्त करायची कळ नव्हती. गायकाने कर्ण्यात किती आत तोंड घालायचं आणि साथीदारांनी किती मागे बसायचं, एवढंच मिक्सिंग. आज आपल्याजवळ शंभर प्लगइन आहेत म्हणून अंतराची ही कळ निकामी झालेली नाही.

माइकच्या निवडीतही फॅशनचा भाग मोठा. पॉडकास्टच्या प्रत्येक व्हिडिओत तोंडासमोर झुलणारा शुअर एसएम७बी घ्या. माइक उत्तमच आहे. मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’चं गाणं त्याच्याच पूर्वजावर, एसएम७ वर झालं. पण त्याचा सिग्नल इतका क्षीण असतो की किमान ६० डेसिबल गेन लागेल असं कंपनीच सांगते. स्वस्त इंटरफेसला तेवढं ताणलं की खरखर येते, मग आणखी एक बूस्टर घ्यावा लागतो, आणि एका माइकच्या नादात तीन वस्तूंचं बिल होतं. डायनॅमिक माइक खोली पकडत नाही हा समजही अर्धाच खरा आहे. तो जवळून वापरला जातो म्हणून खोली कमी येते. कंडेन्सरही तेवढाच जवळ घेतला तर फरक पुष्कळ मिटतो. इंटरफेसबद्दल फारसं लिहिण्यासारखं नाही. दोन माइक लागतील का एक, ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा आहे का, आणि स्वतःचा आवाज संगणकातून फिरून न येता थेट हेडफोनमध्ये ऐकायची सोय आहे का, एवढं पाहावं. आवाज उशिरा येतो या तक्रारीचा बाऊ फार होतो. दहा मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे साडेतीन मीटरवर बसलेल्या साथीदाराचा आवाज. मैफलीत तो रोज चालतो. त्यापेक्षा घरातलं अर्थिंग तपासून घ्यावं. लॅपटॉपचा चार्जर काढला की रेकॉर्डिंगमधली गुणगुण थांबत असेल तर नवा इंटरफेस घेऊन ती जाणार नाही. इलेक्ट्रिशियन बोलवावा लागेल.

आता सॉफ्टवेअर, ज्याच्यावर सर्वाधिक वाद झडतात. अमक्या सॉफ्टवेअरचा आवाज उबदार आणि तमक्याचा कोरडा, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. हे तपासायची रीत सोपी आहे. तेच ट्रॅक, त्याच पातळीवर, कोणताही इफेक्ट न लावता दोन सॉफ्टवेअरमधून बाहेर काढायचे आणि एकाची फाइल उलटी करून दुसरीवर ठेवायची. दोन्ही सारख्या असतील तर बेरीज शून्य होते, काही म्हणजे काही ऐकू येत नाही. डावी-उजवी बाजू वाटून देण्याचे नियम सारखे ठेवले तर निकाल हाच येतो, कारण बेरीज ही शेवटी बेरीजच असते. १९९१ मध्ये प्रो टूल्स आलं तेव्हा त्याच्यासोबत खास हार्डवेअर घ्यावं लागे आणि ते घरी परवडण्याजोगं नव्हतं. तेव्हा सॉफ्टवेअर निवडणं म्हणजे खरंच स्टुडिओ निवडणं होतं. आज मॅकवर गॅरेजबँड फुकट आहे, ऑडॅसिटी कोणत्याही संगणकावर फुकट, आणि रीपर ६० दिवस पूर्ण वापरून पाहिल्यावर वैयक्तिक परवान्यासाठी ६० डॉलर मागतं. यांतल्या कशावरही काम उत्तम होतं. मग निवडीत पाहायचं काय? तुमच्या संगणकावर ते न अडखळता चालतं का, तुम्ही ज्याच्यासोबत काम करता तो काय वापरतो, आणि उद्या कंपनी बुडाली तर तुमचं काम बाहेर काढता येईल का. तिसरी गोष्ट काल्पनिक नाही. केकवॉक हे तीन दशकं जुनं सॉफ्टवेअर. गिब्सन कंपनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याचं काम थांबवल्याचं जाहीर केलं आणि त्याचे वापरकर्ते रातोरात उघड्यावर आले. बँडलॅब या कंपनीने पुढच्या वर्षी ते विकत घेऊन फुकट उपलब्ध केलं, ही नशिबाची गोष्ट. म्हणून काम संपलं की प्रत्येक ट्रॅकची साधी वेव्ह फाइल काढून ठेवण्याची सवय कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा मोलाची. आपल्या संगीताला एक अडचण जादा आहे: ही सगळी सॉफ्टवेअर मेट्रोनोमच्या चौकटी आणि बारा समान स्वर गृहीत धरून उघडतात. ख्याल किंवा अभंग रेकॉर्ड करताना ती चौकट आणि आपोआप सूर सुधारणारी सोय आधी बंद करावी. मींड सरळ करून देणारं यंत्र कोणालाच नको असतं. पण ही सोय सगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये बंद करता येते, तेव्हा निवडीचा निकष तीही होत नाही.

यावर पहिला आक्षेप नेहमी उदाहरणांचा येतो. बिली आयलिशचा २०१९ चा अल्बम लॉस एंजलिसच्या घरातल्या झोपायच्या खोलीत झाला आणि त्याने ग्रॅमीचे चारही मुख्य पुरस्कार घेतले. तिथे कुठे होती खोलीची तयारी? उदाहरण खरं आहे, पण ते माझ्याच बाजूने बोलतं. पलंग-गाद्यांची खोली, माइकला जवळजवळ ओठ टेकवून कुजबुजत म्हटलेलं गाणं, आणि मिक्सिंग मात्र रॉब किनेल्स्की या अनुभवी मिक्सिंग इंजिनिअरकडे. ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ चा ‘नेब्रास्का’ न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात चार ट्रॅकच्या टीॲक कॅसेट यंत्रावर आणि दोन साध्या शुअर एसएम५७ माइकांवर केला. नंतर बँडसह स्टुडिओत तीच गाणी करून पाहिली आणि शेवटी घरचीच प्रसिद्ध केली. त्यात घुमारा आहे, तो हवा म्हणून ठेवलेला आहे. ए. आर. रहमान यांनी १९८९ मध्ये चेन्नईत घराच्या आवारात पंचतन रेकॉर्ड इन सुरू केला तेव्हा त्यांनीही जाहिरातींचं काम करत करत तिथला आवाज घडवला. यांपैकी कोणाच्याही यशाचं कारण सॉफ्टवेअरच्या नावात सापडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता आता घुमारा आणि गोंगाट पुसून देते, मग गोधड्या टांगायच्या कशाला? अडोबीसारख्या कंपन्यांची साधनं बोलण्याच्या रेकॉर्डिंगवर खरोखर थक्क करणारं काम करतात, आणि बातमीचा तुकडा किंवा मुलाखत वाचवायला ती जरूर वापरावीत. पण ही साधनं आवाज स्वच्छ करत नाहीत, काय उच्चारलं असावं याचा अंदाज बांधून तो नव्याने रचतात. शब्दाचा शेवट पुसट असला की अंदाज चुकतो. गाण्यात तर पंचाईतच. गोंगाट ओळखण्याची यंत्राची पहिली खूण म्हणजे सतत एकसारखा चालणारा आवाज, आणि तानपुरा तेच करतो. टाळेबंदीत ऑनलाइन शिकवणाऱ्या गुरूंचा तानपुरा शिष्यांना ऐकूच येत नसे तो यामुळे. झूमला २०२० मध्ये संगीतासाठी वेगळी सोय द्यावी लागली. निवेदकाला हे यंत्र एक वेळ तारेल, तंबोरा लावून बसलेल्याला नाही.

भाड्याच्या घरात भिंतींना हात लावता येत नाही, हा आक्षेप रास्त वाटतो खरा, पण वर सांगितलेल्या वस्तूंपैकी एकीलाही खिळा लागत नाही. रॉकवूलचे पॅनल पायांवर उभे राहतात, गोधड्या कपडे वाळत घालायच्या स्टँडवर बसतात, आणि घर बदललं की टेम्पोतून बरोबर येतात. उलट महागडा माइक टिकतो आणि विकताना किंमत येते, हे मी मान्य करतो. ज्याची खोली बसली आहे आणि ज्याला कमाई सुरू झाली आहे त्याने तो खुशाल घ्यावा. ऐकण्याच्या साधनाबाबत मात्र आधीच काटकसर नको. लहान खोलीत मॉनिटर स्पीकरसुद्धा त्या ४७ आणि ५६ हर्ट्झच्या खोटेपणाला बळी पडतात, म्हणून सुरुवातीला रेकॉर्डिंगसाठी एक बंद हेडफोन आणि जमलं तर मिक्सिंगसाठी एक उघडा, यांवर खर्च करणं शहाणपणाचं. स्पीकर नंतर, खोली तेवढी मोठी मिळाली तर.

राहिला तो व्यावसायिक मानकाचा मुद्दा. मुंबईच्या मोठ्या स्टुडिओत रेकॉर्डिस्ट म्हणून नोकरी करायची असेल तर प्रो टूल्स शिकावंच लागेल, त्यात वाद नाही. घरून आवाज पाठवणाऱ्याला तो नियम लागू नाही. त्याच्याकडून समोरच्याला हवी असते ती २४ बिट, ४८ किलोहर्ट्झची, एकाच बिंदूपासून सुरू होणारी कोरडी वेव्ह फाइल. कोरडी अशासाठी की घुमारा हवा तेवढा मिक्स करताना घालता येतो, काढता येत नाही. अशी फाइल फुकटच्या सॉफ्टवेअरमधूनही निघते, फक्त ती उघड्या फरशीच्या खोलीतून निघत नाही.